मदत हवी आहे: सातारा-सांगलीचा खाऊ एप्रिलच्या उन्हात रेल्वेने दिल्लीपर्यंत कसा न्यावा?

अजिंक्यताऱ्याखाली

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीहून मावसबहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं येणार आहेत. पहिले दोन दिवस साताऱ्यात: सज्जनगड, लिंबची बारा मोटेची विहीर, कास. तिसऱ्या दिवशी गाडीने सांगली, चौथ्या दिवशी नरसोबाची वाडी आणि तिथून मिरजेला येऊन गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन. तिकिटं स्लीपरची आहेत.

तिकडे दहा-बारा घरी खाऊ वाटायचा आहे. यादी: कंदी पेढे ३ किलो, भडंग २ किलो, बेदाणे ३ किलो, हळद २ किलो, थोडी स्ट्रॉबेरी आणि जमलं तर वाडीची बासुंदी. काय कुठून, कोणत्या क्रमाने घ्यावं? कशात बांधावं? उन्हात काय टिकणार नाही? पाहुणे पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, त्यामुळे पोचलेला खाऊ इथल्यासारखाच लागावा अशी फार इच्छा आहे.

मिरज जंक्शन

आधी प्रवास उलटा करा. गोवा एक्स्प्रेस दिल्लीकडे जाताना मिरज, सांगली, सातारा, पुणे अशी जाते. तुमच्या बेतात सर्वात नाजूक वस्तू, म्हणजे पेढे, सर्वात आधी घेतली जाते आणि दोन दिवस गाडीच्या डिकीत तापत सांगली-वाडी फिरून येते. त्याऐवजी आधी सांगली-वाडी करा, मग सातारा, आणि गाडी साताऱ्यातच पकडा. बेदाणे, हळद, भडंग दोन दिवस आधी घेतले तरी त्यांना काही होत नाही. पेढे मात्र निघायच्या दिवशीच घ्यायचे.

तिकीट मिरजेचं असलं तरी रद्द करायची गरज नाही. बोर्डिंग स्टेशन बदलून सातारा करता येतं. मधल्या अंतराचं भाडं परत मिळत नाही, आणि एकदा बदललं की मिरजेहून चढायचा हक्क जातो, हे लक्षात ठेवा. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. सामान आणि मुलं घेऊन निघताना तेवढा वेळ हाताशी ठेवा. गाडीची वेळ अवेळी आहे, ती ॲपवर बघूनच ठरवा.

एप्रिलमध्ये कासला फुलं नसतात. ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. पाहुणे फुलांच्या आशेवर असतील तर आधीच सांगून टाका आणि तो अर्धा दिवस वाचवा.

खवा-भट्टी

पेढ्यांचं सविस्तर सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो.

कंदी पेढा टिकतो तो खवा लालसर होईपर्यंत भाजलेला असतो म्हणून. भाजताना पाणी उडतं, साखरही पांढऱ्या पेढ्यापेक्षा कमी असते. हाताला कोरडा, मोडल्यावर रवाळ, बोटाला न चिकटणारा असेल तर तो प्रवासाला चालतो. दाबल्यावर लोण्यासारखा पसरला तर तो आजच्या आज खायचा पेढा, प्रवासाचा नव्हे. मोती चौकात दुकानं जवळजवळ आहेत. दोन-तीन ठिकाणी एकेक पेढा मोडून बघा, फरक बोटांनाच कळतो.

सुट्या मिठाईवर किती तारखेपर्यंत खावी हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ट्रेवर ती तारीख बघा आणि "आजच्या भट्टीचा आहे का?" असं सरळ विचारा. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांचाच हिशोब धरा. गाडीत दीड दिवस गेला की वाटायला तीन-चार दिवस उरतात.

आता बांधणी. भट्टीवरून नुकताच उतरलेला कोमट पेढा प्लास्टिकच्या घट्ट डब्यात भरला की वाफ झाकणाला धरते, थेंब पेढ्यावर पडतात आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. दुकानदार घाईत असला तरी पेढे पूर्ण गार झाल्याशिवाय बांधून घेऊ नका. पुठ्ठ्याचे अर्ध्या किलोचे खोके सर्वात बरे, आत बटर पेपर. एकावर एक दोनच थर. तीन थर केले की खालचे चपटे होतात आणि तूप सुटतं. तीन किलोचा एक डबा नको, सहा खोकी करा. एकाला काही झालं तर पाच वाचतात, आणि वाटायलाही सोपं.

स्लीपरमध्ये खोकी खिडकीच्या बाजूला किंवा वरच्या बर्थवर ठेवू नका. मनमाड-भुसावळ-खांडवा या पट्ट्यात दुपारी पत्रा तापतो. खालच्या बर्थखाली, आतल्या बाजूला, सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. ओला पंचा अजिबात नको.

अजिंक्यताऱ्याखाली

बोर्डिंग बदलायचं लक्षातच आलं नव्हतं, फार आभार. एक शंका: पेढे आदल्या दिवशी घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये गार केले तर गाडीत जास्त टिकतील का? आणि वरून पांढरं दिसायला लागलं तर फेकायचे का?

खवा-भट्टी

फ्रिजमधून काढून थेट उकाड्यात नेलं की खोक्याच्या आत दव धरतं. टिकायचं सोडून उलट लवकर खराब होतात. फ्रिज दिल्लीला पोचल्यावर वापरा, तोही घट्ट डब्यात. आणि बाहेर काढल्यावर डबा तासभर न उघडता तसाच ठेवा, मग दव डब्याच्या बाहेरून धरतं, पेढ्यावर नाही.

पांढरं दोन प्रकारचं असतं. कोरडं, खरखरीत, बोटाने चोळलं की साखरेसारखं लागणारं: ती वर आलेली साखर, खायला हरकत नाही. मऊ, कापसासारखं, हिरवट छटेचं किंवा कुबट वासाचं: ती बुरशी. तेवढाच भाग खरवडून खाऊ नका, तो पेढा आणि त्याला चिकटलेले शेजारचे टाकून द्या.

मार्केट यार्ड, सांगली

बेदाण्याला तुमची वेळ उत्तम आहे. द्राक्षं साधारण फेब्रुवारीपासून वाळवायच्या शेडवर चढतात, त्यामुळे एप्रिलमध्ये नवा माल भरपूर असतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, म्हणून फारच स्वस्त दिसला तर जुना किंवा ओला आहे का बघा.

मूठभर बेदाणा घट्ट दाबा आणि सोडा. दाणे सुटे झाले तर वाळवण नीट आहे. गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त आहे, हा प्रवासात आंबूस होतो. देठं आणि चिरडलेले दाणे किती आहेत तेही बघा, चिरडलेल्या दाण्यातून पाक गळून अख्खी पिशवी चिकट होते.

रंगाला भुलू नका. हिरवा बेदाणा सावलीत, जाळीवर वाळवलेला असतो. झळझळीत पिवळ्याला बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेली असते. पिशवी उघडताच काडेपेटीसारखा वास नाकात गेला तर तो माल मुलांसाठी घेऊ नका, दम्याचा त्रास असणाऱ्यांसाठी तर नकोच. काळा बेदाणा दिसायला साधा, पण चवीला भरीव आणि भावाने उतरता. दोन किलो हिरवा, एक किलो काळा अशी विभागणी माझ्या मते योग्य. हिरवा उष्णतेने तपकिरी पडत जातो, म्हणून तर इथले व्यापारी माल शीतगृहात ठेवतात. दिल्लीत पोचल्यावर वर्षभराचा साठा फ्रिजमध्येच ठेवायला सांगा.

हळद पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नाव मोठं झालं की त्या नावाखाली काहीही विकलं जातं. हळकुंड मोडा. टणक, काडकन आवाज करून तुटलं आणि आत गडद केशरी-पिवळं दिसलं तर चांगलं. वाकलं तर ओलं. बाहेरचा रंग पॉलिशचा असू शकतो, आतलाच बघायचा. भुंग्यांची बारीक छिद्रं असलेली हळकुंडं बाजूला काढा.

दळून न्यायची असेल तर सांगलीतच डंकावर कुटून घ्या, पण तुमच्या आधी त्या यंत्रात मिरची कुटली नाही ना ते विचारा. कुटलेली हळद गरम असते. कागदावर पसरून दोन तास निवू द्या, मगच भरा, नाहीतर गाठी होतात. पूड दुहेरी पिशवीत आणि पेढ्यांच्या बॅगेपासून लांब ठेवा. खवा वास पटकन ओढतो.

पूड विकत घ्यायची वेळ आलीच तर तपासणी सोपी आहे. काचेच्या ग्लासात कोमट पाणी, वरून चमचाभर हळद, न ढवळता वीस मिनिटं ठेवायची. चांगली पूड तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणीच भडक पिवळं झालं तर रंग घातलाय.

जाता जाता हरिपूरला जाऊन या. कृष्णा-वारणेचा संगम आहेच, पण पूर्वी ज्यांत हळद साठवायचे ती जमिनीखालची पेवं तिथलीच. बघायला मिळाली तर मुलांना नक्की दाखवा.

चुरमुरा

भडंगाचं वजन कमी, जागा फार. एक किलोला पाच-सहा लिटरची जागा लागते, आणि तीही दाब न पडता. दोन किलो म्हणजे एक पूर्ण बॅग गेली समजा. माझ्या मते एकच किलो तयार भडंग न्या, पाव पाव किलोची सीलबंद पाकिटं. पाकीट हवेने फुगलेलं बघून घ्या, ढिलं असेल तर सील सुटलंय. सुटी भडंग घेतली तर स्टीलच्या डब्यात, गळ्यापर्यंत भरून. रिकामी जागा राहिली की हलून हलून चुरा होतो आणि मसाला तळाला बसतो.

उरलेल्या किलोऐवजी भडंगाचे जाड चुरमुरे अर्धा किलो न्या आणि तिथे करा. पाव किलो चुरमुऱ्यांना हे प्रमाण: तेल १०० मिली, शेंगदाणे १२५ ग्रॅम, लसूण १५-२० पाकळ्या ठेचून, कढीलिंब दोन काड्या, लाल तिखट दोन चमचे, हळद अर्धा चमचा, पिठीसाखर दोन चमचे, मीठ चवीने. चुरमुरे आधीच खारे असतात, चाखून मगच मीठ घाला.

चुरमुरे मंद आचेवर पाच मिनिटं कोरडे गरम करून बाजूला ठेवा. तेलात आधी शेंगदाणे तळून काढा. मग लसूण, तो बदामी आणि कुरकुरीत होईपर्यंत. इथे घाई केली की लसणातलं पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी भडंग मऊ. कढीलिंबही असाच कडक व्हायला हवा. मग गॅस बंद. अर्धा मिनिट थांबून तिखट-हळद घाला. चालू गॅसवर तिखट घातलं की करपतं, काळपट होतं, कडू लागतं. चुरमुरे आणि दाणे घालून वरखाली करा, मीठ-पिठीसाखर शेवटी. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात.

विकतची मऊ पडली तर तेल न घालता कढईत मंद आचेवर चार मिनिटं परता आणि गार करा, पुन्हा कुरकुरीत होते. खवट वास आला तर मात्र काही इलाज नाही.

वसनाकाठ

स्ट्रॉबेरी विसरा. एप्रिलमध्ये हंगाम संपत आलेला असतो, फळ मऊ असतं, आणि स्लीपरच्या उकाड्यात त्याचा लगदा होईल. महाबळेश्वर-पाचगणीकडून क्रशची बाटली न्या, प्लास्टिकची, सीलबंद.

तुमच्या यादीत नसलेली एक वस्तू सुचवतो: कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा. लालसर रेघांचा दाणा, भौगोलिक मानांकन मिळालेला. दिल्लीकरांना राजमा रोजचा आहे, त्यामुळे हा घरात आला की काय करायचं ते त्यांना सांगावं लागत नाही. कोरडा, उन्हाने काही होत नाही, वर्षभर टिकतो. तीन-चार किलो बिनधास्त घ्या. दाणा दाताखाली धरून बघा, दबला तर ओला आहे, पोरकिडा लागेल. दाण्याला छिद्र नको.

अजिंक्यताऱ्याखाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता बेत असा: पाहुणे येताना थेट सांगलीला उतरतील, मी गाडी घेऊन तिकडे जातो. सांगलीत बेदाणे, हळकुंडं, भडंग, मग वाडी, मग कराडवरून सातारा. घेवडा साताऱ्यात, पेढे निघायच्या दिवशी. स्ट्रॉबेरी रद्द. बासुंदीचं मात्र अजून मन मानत नाही. वाडीहून थर्मासमध्ये बर्फ लावून आणली तर? आणि घेवडा शिजवायला राजम्याइतकाच वेळ लागतो का?

मिरज जंक्शन

बासुंदी वाडीतच, दर्शन झाल्यावर, पोटभर खाऊ घाला. बर्फात ती साताऱ्यापर्यंत कशीबशी येईल, पुढचा दीड दिवस अशक्य. आटवलेलं असलं तरी शेवटी दूध आहे, आणि नासलेली बासुंदी चवीला कळेपर्यंत मुलांनी खाल्लेली असते. तिथून न्यायचीच तर कवठाची बर्फी न्या. कवठाचा आंबटपणा आणि साखर यामुळे ती पेढ्यापेक्षा जास्त दिवस राहते. फक्त खवा घातलाय का ते विचारा. घातला असेल तर तिचा हिशोब पेढ्यासारखाच. आणि तुकडे एकमेकांना चिकटतात, मध्ये बटर पेपर मागून घ्या.

वसनाकाठ

घेवडा आठ तास भिजवा, ते पाणी टाकून द्या. कुकरला दाण्याच्या वर दोन बोटं नवं पाणी, पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा बोटात सहज दाबला जायला हवा, अर्धा कच्चा घेवडा पोटाला बाधतो. मीठ आणि टोमॅटो-चिंच शिजल्यावर, आधी आंबट पडलं की साल कडक राहते. दिल्लीचं पाणी जड असेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला.