ग्योटिंगनबद्दल थोडी भर

कुणीतरी म्हटलंय की जर्मनीतल्या विद्यापीठांत हायडेलबर्ग तेवढं जुनं आणि नामांकित, ग्योटिंगन म्हणजे छोट्या गावातलं कॉलेज. वयाचं बरोबर आहे हो, हायडेलबर्ग १३८६ चं आणि ग्योटिंगन १७३७ ला सुरू झालं, पण गणितात याच्या जवळपास फिरकेल असं तेव्हा फार कुणी नव्हतं. गाउस, रीमान, मग क्लाइन आणि हिल्बर्ट, म्हणजे शे-सव्वाशे वर्षं नुसती रांगच लागलेली. एमी न्योटर या गणितज्ञ बाईला मात्र बाई म्हणून शिकवायची परवानगी १९१९ पर्यंत नव्हती, तोवर तिची लेक्चरं हिल्बर्टच्या नावावर लागायची, तेव्हा फार कौतुकही नको!

नाव खरं बुडालं १९३३ ला. नाझी आले आणि न्योटर, कुरांट हे गणितज्ञ, बॉर्न, फ्रांक हे भौतिकशास्त्रज्ञ, सगळ्यांना काही महिन्यांत खुर्ची सोडावी लागली. अर्धी गुणवत्ता अमेरिका-इंग्लंडला गेली, बॉर्न तर मधे काही महिने आपल्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे होते.

आणि पुण्याचं कनेक्शन कुणीच काढलं नाही म्हणून सांगतो, डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न, ज्यांनी पतंजलीचं महाभाष्य संपादित केलं, ते इथून परत गेल्यावर ग्योटिंगनलाच प्रोफेसर झाले, आणि रा. गो. भांडारकरांना १८८५ ला मानद डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. लक्ष्मी रोडवर ग्योटिंगन म्हटलं तर कुणाला कळणार नाही, भांडारकर मात्र सगळ्यांना माहीत.