दोन लहान मुलांसह चिंचवडहून बेळगावला येत आहोत : घर कोणत्या भागात घ्यावे?

चिंचवडचा रहिवासी

माझी नेमणूक उद्यमबागेतील एका कारखान्यात झाली असून येत्या उन्हाळ्यात आम्ही चौघे बेळगावला येत आहोत. पत्नीचे काम घरूनच चालते. मुलगी जूनमध्ये दुसरीत जाईल आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. आमच्यापैकी कोणालाही कन्नड येत नाही.

आतापर्यंत चार पर्याय पुढे आले आहेत. टिळकवाडीत जुन्या इमारतीतील एक फ्लॅट मिळतो आहे, पण जागेच्या मानाने भाडे जास्त वाटते. हिंडलग्याच्या विजयनगर भागात अंगण असलेले स्वतंत्र घर आहे. पिरणवाडी-मच्छेकडे नवीन वसाहती झाल्या आहेत आणि तेथून कारखाना अगदी जवळ पडतो. चौथा पर्याय खानापूरचा, कारण तेथे पत्नीची मावशी राहते आणि मुलांना घरचे माणूस मिळेल. शिवाय पिरणवाडीच्या बाजूला एका मध्यस्थाने प्लॉट दाखवला आहे आणि भाडे भरत बसण्यापेक्षा सरळ बांधून टाका, असा त्याचा आग्रह आहे. मुलांच्या दृष्टीने जाणकारांनी मत द्यावे.

अनगोळकर

आपण चारही जागा कारखान्यापासूनच्या अंतराने मोजत आहात असे दिसते. उद्यमबागेत नोकरी असलेल्या माणसाला बेळगावात अंतराची फारशी चिंता करावी लागत नाही, कारण आपण नमूद केलेल्या चारपैकी तीन जागांहून दुचाकीने सहज जाता येते. चिंचवडच्या वाहतुकीची सवय असलेल्याला तर ते अंतर वाटणारही नाही. प्रश्न मुलीच्या रोजच्या वाटेचा आहे. शाळा, बालरोगतज्ज्ञ, वाणसामान आणि खेळायला मोकळी जागा या चार गोष्टी एकाच बाजूला, मुख्य रस्ता न ओलांडता मिळतील असे घर शोधावे आणि कामाला जाण्याचा त्रास मोठ्यांनी सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहराच्या मधून लोहमार्ग जातो आणि येथील लोक पत्ता सांगतानाही पहिले गेट, दुसरे गेट असाच सांगतात. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाल्यामुळे खानापूर रोडने उद्यमबागेकडे जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. पण शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असले, तर सकाळी गेट पडल्यावर रिक्षातली आठ-दहा पोरे आणि त्यांचा रिक्षामामा दोघेही ताटकळतात. म्हणून आधी शाळा ठरवा, मग तिच्याच बाजूला घर पाहा. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर आणि अनगोळ या पट्ट्यात मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात; टिळकवाडीचे भाडे जास्त वाटते त्याचे कारणही तेच आहे.

मच्छे-पिरणवाडीबद्दल एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. जिल्हा रुग्णालय आणि नेहरूनगरातील केएलईचे मोठे रुग्णालय, दोन्ही त्या भागापासून शहराच्या पलीकडच्या टोकाला आहेत. अडीच वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता ताप चढला, तर शहर आडवे पार करावे लागते. तसेच महापालिकेच्या हद्दीत राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी येते, तर हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतींत बहुतेक भिस्त कूपनलिकेवर असते. घर पाहताना त्याचा नळ उघडण्याआधी शेजाऱ्याला एप्रिल-मेमधील पाण्याबद्दल विचारावे.

हिंदवाडीची आई

शाळेच्या बाबतीत थोडी भर घालते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेल्या निकालानुसार प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, त्यामुळे मुलीला मराठी माध्यमात घालायचे की इंग्रजी, हे आपणच ठरवणार आहात. मात्र २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने राज्यातील सर्व शाळांत, सीबीएसई आणि आयसीएसई धरून, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक केले. २०१७-१८ पासून पहिलीने सुरुवात करून दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत तो लागू होत गेला. आपल्या मुलीच्या नव्या वर्गातील मुलांनी पहिलीत मुळाक्षरे गिरवलेली असतील. दुसरीत हे अंतर भरून निघते. पाचवी-सहावीत आलेल्या मुलांना फार जड जाते, हे आमच्या गल्लीत मी पाहिले आहे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तिला कन्नड लिपीची ओळख करून द्या आणि ज्या इमारतीत कन्नड बोलणारी मुले खेळायला असतील तिला एक गुण जास्त द्या. शिकवणीपेक्षा अंगणात ती भाषा लवकर येते.

येथील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, महाराष्ट्रातल्यासारख्या जूनच्या मध्यास नव्हे. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि आधार एप्रिलमध्येच तयार ठेवा. परराज्यातील दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते आणि एकदा सामान हलवल्यावर त्यासाठी पुण्याला खेटे घालणे कोणालाच परवडत नाही. आधारवरचा पत्ताही लवकर बदलून घ्या. शक्ती योजनेत जून २०२३ पासून राज्यातील महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, मुलीलाही तो मिळेल; पण कर्नाटकातील पत्ता असलेले ओळखपत्र लागते.

विजयनगर, हिंडलगा

अनगोळकरांचे म्हणणे शाळकरी मुलीपुरते मला मान्य आहे, धाकट्याच्या बाबतीत नाही. अडीच वर्षांचे मूल दिवसभर घरातच असते आणि त्याची आई त्याच घरात संगणकापुढे बसणार आहे. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला दार नाही आणि खाली वाहनांची ये-जा अशा ठिकाणी तिचे काम कसे होणार? आमच्याकडे अंगण आहे, शेजार जुना आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी कुटुंबे आहेत. उणीव वाहतुकीची. कॅम्पातून शहरात उतरावे लागते आणि संध्याकाळनंतर बस विरळ होतात, त्यामुळे घरात दुसरी दुचाकी नसेल तर पत्नीची अडचण होईल. शाळेची गाडी हिंडलग्यापर्यंत येते का, हे प्रवेशाआधीच विचारा.

खानापूरचा विचार सोडून द्यावा. रस्ता रुंद झाला असला तरी गणेबैलचा टोल रोज भरून दोन्ही वेळा एवढे अंतर कापायचे, आणि तिकडचा पाऊस बेळगावपेक्षा पुष्कळ अधिक. मावशींनाच आठवड्यातून दोन दिवस आपल्याकडे बोलवा, लोंढ्याच्या रेल्वेमार्गावर दोन्ही गावे आहेत.

चिंचवडचा रहिवासी

सर्वांचे आभार. खानापूर वगळले. टिळकवाडी-हिंदवाडी पट्ट्यात तळमजल्याचे घर मिळते का ते पाहतो, म्हणजे दोन्ही मतांचा मान राहील. प्लॉटविषयी कोणी सांगू शकेल का?

अनगोळकर

पहिले वर्ष भाड्यानेच राहा. मध्यस्थ जमीन उन्हाळ्यात दाखवतात. तीच जमीन जुलैत जाऊन पाहा. बळ्ळारी नाल्याला पूर आला की वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात पाणी कसे पसरते, हे येथील शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पिरणवाडीची बाजू वेगळी असली तरी नैसर्गिक ओढा बुजवून पाडलेले प्लॉट सगळीकडे आहेत.

कागदपत्रांत बिनशेतीचा आदेश आणि बुडाने, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने, मंजूर केलेला आराखडा, दोन्ही मूळ स्वरूपात पाहावेत. ग्रामपंचायत हद्दीतील जागेसाठी ई-स्वत्तू या पंचायत मालमत्तांच्या सरकारी संगणकीय नोंदणीतून निघालेला उतारा लागतो; त्यात नमुना ११-ब हाती ठेवला जात असेल, तर तो कर आकारणीची नोंद आहे, जागा नियमित असल्याचा पुरावा नव्हे. जागेवरील व्यवहार आणि बोजा दाखवणारी ईसी स्वतः काढून घ्या, मध्यस्थाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. हे सर्व कागद कन्नडमध्ये असतात. ते आपल्याला वाचून दाखवणारा वकील आपण नेमलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.