राजा आणि प्यादी उरली असता इंजिनाचा आकडा मुलांना दाखवावा का?

मांडवीतीर (फोंडा):

रविवारी सकाळी मी दहा-बारा मुलांना बुद्धिबळ शिकवतो. २०२५ मध्ये विश्वचषक गोव्यात झाल्यापासून मुले वाढली आणि त्यांच्याबरोबर मोबाइलही वाढले. डाव संपला की पट आवरण्याआधीच कोणीतरी ती स्थिती बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इंजिनात, भरतो आणि कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणारा त्याचा आकडा मोठ्याने वाचतो. गेल्या महिन्यात एका मुलाकडे एक प्यादे जास्त होते, पण दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांना भिडून अडकलेली होती आणि राजाला आत शिरायला एकही घर मोकळे नव्हते. आकडा अधिक १.४ दाखवत होता, म्हणून पोराने तीस-पस्तीस चाली राजा या टोकाहून त्या टोकाला फिरवला. शेवटी कंटाळून त्याने बरोबरी मान्य केली आणि "सर, मी कुठे चुकलो?" असे विचारले. तो कुठेच चुकला नव्हता.

या प्रकारच्या शेवटात उत्तरे तीनच असतात: जीत, हार किंवा बरोबरी. पांढरा राजा ई४ वर, त्याचे प्यादे ई३ वर आणि काळा राजा ई६ वर असेल, तर काळ्याची चाल असल्यास पांढरा जिंकतो आणि पांढऱ्याची चाल असल्यास डाव बरोबरीत सुटतो. पटावर काहीही बदललेले नसते, बदलते ती फक्त पाळी. अशा ठिकाणी दशांश चिन्हाला काय अर्थ उरतो? राजा-प्याद्यांच्या शेवटात इंजिनाचा आकडा मुलांपासून झाकून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुवारीकाठचा_कोडवाला (वास्को):

मत स्पष्ट असले तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पुढच्या चाली न पाहता, पटावर जे उभे आहे त्यावरून काढलेला अंदाज हे मूल्यमापन; हजारो फांद्या तपासून, प्रत्येक फांदीच्या टोकाला तो अंदाज लावून वर आणलेले उत्तर हा शोध. पडद्यावर दिसतो तो शोधाचा आकडा. आपल्या ई४-ई३-ई६ च्या उदाहरणात कोणतेही बरे इंजिन पाळी कोणाची ते पाहूनच बोलते आणि बरोबरी असेल तेव्हा शून्य दाखवते.

किंबहुना राजा व एक प्यादे विरुद्ध राजा या शेवटात अंदाजाची गरजच उरत नाही. डावी-उजवी बाजू सारखीच असल्याने प्याद्यासाठी २४ घरे पुरतात, दोन्ही राजांसाठी प्रत्येकी ६४ आणि पाळी दोन. गुणाकार १,९६,६०८ होतो. प्रत्येक स्थितीला जीत की बरोबरी एवढा एकच बिट दिला, तर सगळे ज्ञान २४ किलोबाइटमध्ये मावते. मोबाइलवरचा एक साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. सात मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस, म्हणजे प्रत्येक स्थितीचे अचूक उत्तर साठवलेले कोष, २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि त्यांत राजा-प्याद्यांच्या स्थितीही आल्या. तिथे यंत्र अंदाज करत नाही, ते फक्त पाहून सांगते.

मांडवीतीर:

सात मोहऱ्यांपर्यंत मान्य. माझ्या विद्यार्थ्याच्या पटावर तेरा होती.

आबोली (म्हापसा):

मी स्पर्धा खेळते, शिकवत नाही, तरीही मला मांडवीतीर यांचे म्हणणे एका बाजूने पटत नाही. यंत्राचा आकडा अपुरा असेल, पण आपण मुलांना जे नियम पाठ करून घेतो तेही अंदाजच असतात. चौकोनाचा नियम घ्या: पळणाऱ्या प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत चौकोन आखायचा, आणि राजा त्यात शिरू शकला नाही तर प्यादे सुटले असे समजायचे. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेल्या प्रसिद्ध स्थितीत पांढरा राजा एच८ वर आणि प्यादे सी६ वर असते, काळा राजा ए६ वर आणि प्यादे एच५ वर. पांढऱ्याची चाल आहे, पण त्याचा राजा काळ्या प्याद्याच्या दोन चाली मागे आहे आणि त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तोंडाशी आहे. नियमाप्रमाणे सारे संपलेले असते.

पांढरा राजा जी७, मग एफ६, मग ई५ असा तिरका उतरतो. या वाटेवर तो एकाच वेळी एच प्याद्याकडेही जात असतो आणि सी प्याद्याकडेही. काळ्याने सी६ मारले तर राजा एफ४ वर येऊन प्यादे गाठतो. काळ्याने प्यादे पुढे रेटले तर राजा डी६ वर जातो आणि दोघांचेही वजीर होतात. हे माझ्या शिक्षकांनी मला कधीच दाखवले नव्हते. मी चौकोन मोजून "हरले" म्हणत बसले होते, तेव्हा इंजिनाने शून्य दाखवले. त्या शून्यामुळेच मी तासभर पटासमोर बसून वाट शोधली. आकडा झाकला असता तर हे घडलेच नसते.

मांडवीतीर:

हा अनुभव मोलाचा आहे, पण त्यात तासभर आपण बसलात. चौकोनाचा नियम चुकला तरी तो कारण सांगतो: राजा अमुक चालींत तिथे पोहोचत नाही. म्हणून कुठे चुकला ते शोधता येते. अधिक १.४ कोणतेच कारण देत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला तासभर बसवण्याची ताकद त्या आकड्यात मला आजवर दिसलेली नाही.

जुवारीकाठचा_कोडवाला:

अधिक १.४ म्हणजे १.४ प्यादी, हा अर्थही आता जुना झाला आहे. स्टॉकफिश या इंजिनाच्या २०२२ अखेरच्या आवृत्तीपासून अधिक १ म्हणजे, इंजिन स्वतःशीच खेळले तर जिंकण्याची शक्यता निम्मी, असे माप धरले जाते. २०२० मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य स्थितींवरून स्वतःच शिकलेले मूल्यमापन, आले आणि २०२४ च्या आवृत्तीतून माणसाने लिहिलेले मूल्यमापनाचे नियम पूर्णपणे काढून टाकण्यात आले. म्हणजे कारण मागायचे तरी कोणाकडे, हा आपला प्रश्न रास्त आहे.

एक कबुली मीही देतो. शोध वेगवान करण्यासाठी इंजिने एक युक्ती वापरतात: "मी माझी पाळी सोडली तरी स्थिती चांगलीच आहे ना?" असे स्वतःला विचारून, उत्तर होय आले तर ती फांदी छाटायची. राजा-प्याद्यांच्या शेवटात ही युक्ती घातक ठरते, कारण चाल करावी लागणे हेच तिथे पुष्कळदा हरण्याचे कारण असते, ज्याला आपण झुगझ्वांग म्हणतो. म्हणून एखाद्या बाजूकडे फक्त राजा आणि प्यादी उरली की इंजिने ही युक्ती बंद ठेवतात. यंत्र लिहिणाऱ्यांनाही हा भाग वेगळा आहे हे ठाऊक आहे.

पण तेरा मोहऱ्यांच्या आक्षेपावर उत्तर आहे. बुद्धिबळपटू लास्कर आणि राइशहेल्म यांच्या १९०१ च्या स्थितीत नऊ मोहरी आहेत. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. जिंकण्याची एकच पहिली चाल आहे, राजा बी१, आणि ती शोधायला माणसाला परस्परसंबंधित घरांचे, म्हणजे एक राजा अमुक घरात असताना दुसऱ्याने कोणत्या घरात असायला हवे याचे, कोष्टक मांडावे लागते. इंजिनाला त्या कोष्टकाचा पत्ताही नसतो. प्यादी अडकलेली असल्याने फक्त राजे फिरतात आणि त्याच त्या स्थिती वेगवेगळ्या वाटांनी परत येतात. एकदा तपासलेली स्थिती स्मृतीत ठेवली की पुन्हा तपासावी लागत नाही. ती स्मृती चालू असेल तर उत्तर पाहता पाहता मिळते, बंद केली तर इंजिन चाचपडत राहते.

आबोली:

मग मांडवीतीर यांच्या विद्यार्थ्याच्या स्थितीत इंजिन का चाचपडले?

जुवारीकाठचा_कोडवाला:

लास्करच्या स्थितीत जीत आहे, आणि ती कितीही खोल असली तरी शोधाला कधीतरी सापडते. अडकलेल्या बरोबरीत सापडण्यासारखे काही नसते. कितीही खोल गेले तरी प्रत्येक फांदीच्या टोकाला ते एक जादा प्यादे तसेच उभे असते, आणि अंदाज त्यालाच भुलतो. इथे मांडवीतीर यांच्या विद्यार्थ्याची फसगत खरी आहे, हे मी मान्य करतो.

मांडवीतीर:

मग मीही एक पाऊल मागे येतो. येत्या रविवारी रेटींची स्थिती मांडेन आणि मोबाइलवर फक्त शून्य दाखवून पोरांना वाट शोधायला सांगेन. मात्र अडकलेली प्यादी दिसली की मोबाइल माझ्या पिशवीत जाईल, आणि आधी राजाला आत शिरायला घर कुठे आहे ते प्रत्येकाने पटावर बोट ठेवून दाखवायचे.