मदत हवी आहे: धाकटा भाऊ गोळ्या लपवतोय

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला (वय २७) स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापीन या गोळीने भासाने ऐकू येणारे आवाज जवळजवळ थांबले होते, पुन्हा दुकानावर बसायला लागला होता. परवा अंथरूण उन्हात टाकताना त्याच्या उशीच्या अभ्र्यातून अकरा गोळ्या खाली पडल्या. पोटात धस्स झालं. विचारलं तर म्हणाला, "ताई, मी बरा आहे आता. नुसती झोप येते, आणि पोट बघ किती सुटलंय." खोटं नाही त्याचं, वजन खरंच वाढलंय.

आई म्हणते, गोळी कुस्करून आमटीत घालू. मला ते मुळीच पटत नाही. त्याला कळलं तर घरच्या जेवणावरचाही विश्वास उडेल. मागच्या वेळी आजार उलटला तेव्हा जेवणात विष आहे म्हणून दोन दिवस उपाशी होता.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले, थोडा धीर आला. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, ते तुमच्यापैकी कोणाच्या घरी सुरू आहे का? त्याला राजी कसं केलंत? आणि "मी बरा आहे" म्हणणाऱ्याशी भांडण न होता बोलायचं कसं?