टॅलीला एआय सहाय्यक जोडायचाय: एमसीपी, फंक्शन कॉलिंग की एन-एट-एन?

वागळे_टॅलीवाला (ठाणे)

नमस्कार मंडळी. मी वागळे इस्टेटला बसतो, काम टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टचं. गिऱ्हाईकं बहुतेक वाशीच्या एपीएमसीतली, दाणाबंदर आणि मसाला मार्केटचे व्यापारी, शिवाय रबाळे-महापेचे थोडे कारखानदार. पायथन कामापुरतं येतं. टॅलीतून डेटा काढून एक्सेल करून द्यावं लागायचं, त्यातून शिकत गेलो.

आता धान्याच्या एका व्यापाऱ्याने काम सांगितलंय. त्यांचे मेहताजी जुने आणि टॅलीत एकदम पक्के, पण शेठ स्वतः टॅलीला हात लावत नाहीत. गाळ्यावर आले की मेहताजींना हाका सुरू: अमक्याकडून किती येणं आहे, त्यातलं जुनं किती, गेल्या महिन्यात त्याने काही दिलं का. तेवढ्यात मेहताजी बिलं करत असले की दोन्ही कामं खोळंबतात. शेठना हवंय की मराठीत किंवा हिंदीत टाइप करून विचारावं आणि उत्तर टॅलीतल्या आकड्यांवरूनच यावं.

टॅली गाळ्यातल्याच एका विंडोज पीसीवर आहे. क्लाउड नाही, स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) नाही. टॅलीप्राइम (टॅलीची आताची आवृत्ती) ९००० पोर्टवर एक्सएमएल (खुणांच्या साच्यात लिहिलेला डेटा) घेतं-देतं, तेवढा भाग मला जमतो. त्याच्या पुढे कोणता रस्ता धरावा हे ठरत नाहीये. मॉडेलची एपीआय (कोडमधून मॉडेल वापरायची सोय) घेऊन फंक्शन कॉलिंग करावं, एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची साधनं जोडायची पद्धत) सर्व्हर लिहावा, की एन-एट-एन किंवा झॅपियर या ॲप्स जोडणाऱ्या ऑटोमेशनच्या साधनांमध्ये जोडून टाकावं? चॅटजीपीटीतल्या कस्टम जीपीटीला (आपल्या कामापुरत्या बनवलेल्या सहाय्यकाला) ॲक्शन, म्हणजे बाहेरच्या सेवेची जोडणी, देता येते, असंही एकाने सुचवलं.

पैशापेक्षा मला काळजी आकड्याची आहे. बाजारात सगळी उधारी शब्दावर चालते. चुकीची बाकी बघून शेठनी एखाद्या जुन्या पार्टीला तगाद्याचा फोन लावला, तर तो माणूस दुसऱ्या गाळ्यावर जाईल. त्यामुळे ज्यांनी खरंच असं काही उभं केलंय त्यांनी सांगावं.

घणसोली_ऑटोमेशन

झॅपियर बाजूला ठेवा. ते त्यांच्या क्लाउडवरून चालतं, गाळ्यातल्या पीसीपर्यंत पोचणार कसं? एन-एट-एन मात्र स्वतःच्या मशीनवर बसवता येतं आणि त्यातल्या एचटीटीपी रिक्वेस्ट नोडने टॅलीला एक्सएमएल पाठवता येतं. मी एका रसायनांच्या व्यापाऱ्याकडे हेच लावलंय. रोज सकाळी थकबाकीची यादी मेलवर जाते. त्यात एआय कुठेच नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात, कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालवलंत तर एक लक्षात ठेवा. तिथे लोकलहोस्ट म्हणजे कंटेनर स्वतः, तुमचा पीसी नाही. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप असेल तर होस्ट-डॉट-डॉकर-डॉट-इंटर्नल हा पत्ता द्यावा लागतो.

शेठचे प्रश्न रोज तेच असतील तर माझं मत एन-एट-एनला. रोज वेगळं काही विचारणार असतील, तर त्या फ्लोच्या फांद्या वाढत जातात आणि सहा महिन्यांनी तो फ्लो तुम्हालाच वाचता येत नाही.

ऐरोली_बॅकएंड

दादा, मी ऐरोलीत एका कंपनीत बॅकएंडला आहे. माझ्या काकांचं तुर्भ्याला गोडाऊन आहे, त्यांच्या टॅलीवर मी एमसीपी सर्व्हर लिहून दिला आणि तो रोज वापरात आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज काढू. फंक्शन कॉलिंग आणि एमसीपी यांच्यात 'हे की ते' असा सामना नाही. फंक्शन कॉलिंग म्हणजे मॉडेलचं कसब. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जून २०२३ मध्ये ते एपीआयमध्ये आणलं. मॉडेल स्वतः काही चालवत नाही, 'हे फंक्शन या इनपुटने चालवा' एवढंच जेसन या ठरलेल्या मजकूर-साच्यात सांगतं. चालवायचं तुमच्या कोडने. मग चॅटची खिडकी, जुन्या संवादाची साठवण, चुका हाताळणं, सगळं तुम्ही लिहायचं, आणि उद्या मॉडेल बदललं तर त्या कंपनीच्या साच्यात पुन्हा बसवायचं. एमसीपी क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलं केलं. त्यात तुमचं टूल (मॉडेलला वापरायला दिलेलं फंक्शन) एका छोट्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये राहतं आणि एमसीपी समजणारा कुठलाही क्लायंट, म्हणजे चॅटचं ॲप, त्याच्याशी जेसन-आरपीसी या ठरलेल्या संदेश-पद्धतीत बोलतो. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने ते स्वीकारलं, पाठोपाठ गूगलनेही, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. गिऱ्हाइकाला पाच वर्षं सांभाळायची वस्तू देताना मला हे महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या बाबतीत निर्णय तर जागेनेच होतो. टॅली गाळ्यात आहे, मग टूलही गाळ्यातच हवं. एमसीपीत एसटीडीआयओ नावाची पद्धत आहे. क्लॉड डेस्कटॉपसारखा क्लायंट त्याच पीसीवर तुमचा प्रोग्रॅम स्वतः सुरू करतो आणि त्याच्याशी थेट इनपुट-आउटपुटवर बोलतो. नेटवर्कवर नवीन काहीच उघडं पडत नाही. कस्टम जीपीटीच्या ॲक्शनला मात्र इंटरनेटवरून पोचता येईल असा पत्ता लागतो. कृपा करून ९००० पोर्ट टनेल (पीसीपर्यंत बाहेरून पोचायचा रस्ता) लावून बाहेर उघडू नका. टॅलीत कंपनी उघडी असेल तर त्या पोर्टवर पासवर्ड विचारला जात नाही, आणि जिथून रिपोर्ट बाहेर येतो तिथूनच व्हाउचर (व्यवहाराची नोंद) आतही जातं.

एमसीपीच्या पायथन एसडीकेमध्ये (तयार कोडच्या संचात) फास्टएमसीपी आहे. साधं फंक्शन लिहायचं, वर डेकोरेटर (खुणेची एक ओळ) लावायचा. इनपुटचे प्रकार आणि फंक्शनखालची माहिती वाचून टूलचं वर्णन आपोआप तयार होतं. मॉडेल तेच वर्णन वाचून कोणतं टूल वापरायचं ते ठरवतं, म्हणून ते मन लावून लिहा. 'येणं, बाकी, उधारी, लेना' हे शब्द त्यात घाला, कारण शेठ तेच शब्द टाइप करणार. प्रिंटने काहीही छापू नका. एसटीडीआयओमध्ये आउटपुट हाच बोलण्याचा मार्ग आहे, त्यात तुमची एखादी ओळ घुसली की क्लायंटला संदेश वाचता येत नाही. लॉग एसटीडीईआरआरवर (चुका लिहायच्या वेगळ्या मार्गावर) लिहा. आणि क्लायंटच्या सेटिंगच्या जेसन फाइलमध्ये विंडोजचा पाथ देताना उलटी तिरकी रेघ दोनदा द्या.

आता आकड्याचं. खरं काम इथेच आहे.

टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे (डेबिट) रक्कम वजा चिन्हाने येते. म्हणजे पार्टीकडून ८४,००० येणं असेल तर तुम्हाला मिळतं उणे ८४,०००. हे कच्चंच मॉडेलकडे दिलंत तर ते सरळ म्हणेल की तुम्हीच त्यांचे ८४,००० देणं लागता. म्हणून टूलने आकडा देऊच नये, वाक्य द्यावं: 'पार्टीकडून येणं ८४,००० रुपये'. बेरीज, वजाबाकी, दिवस मोजणं, सगळं पायथनमध्ये. मॉडेलकडे फक्त बोलणं ठेवा.

दुसरं, सगळ्यात वरच्या ग्रुपच्या नावात 'प्रायमरी' शब्दाआधी कोड ४ चं कंट्रोल कॅरेक्टर (न दिसणारं चिन्ह) येतं. एक्सएमएल १.० ला ते चालत नाही आणि ते वाचणारा कोड (पार्सर) तिथेच थांबतो. वाचण्याआधी गाळून टाका.

तिसरं, 'ऑन अकाउंट' जमा. पार्टीने पैसे दिले पण मेहताजींनी ते कुठल्या बिलापोटी ते लावलं नाही, तर जुनं बिल तसंच उघडं दिसतं. अशा पार्टीबद्दल विचारलं की माझं टूल दोन्ही सांगतं: इतकी बिलं उघडी, आणि इतकी रक्कम बिलाला न लावलेली जमा. तुम्ही म्हणता तो तगाद्याचा घोटाळा नेमका इथे होतो.

टूल्स तीन-चारच ठेवा. पार्टी शोधणं, पार्टीची बाकी, ठरावीक दिवसांवरची उधारी, एवढ्यावर काकांचं भागतं. 'कुठलंही एक्सएमएल पाठव' असं सर्वसमावेशक टूल देऊ नका. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरात जागा खातं, आणि टूल्स वाढली की निवडही चुकते. पार्टीच्या नावाला दोन खाती जुळली तर टूलने अंदाज न लावता दोन्ही नावं परत द्यावीत, म्हणजे सहाय्यक शेठनाच विचारेल की यातली कोणती. प्रत्येक उत्तरात कंपनीचं नाव आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख असू द्या. मेहताजींची कालची नोंद राहिली असेल तर ते त्या तारखेवरून कळतं.

वागळे_टॅलीवाला (ठाणे)

ताई, मनापासून आभार. वजा चिन्हाचं एक्सेल करताना रोज बघतो, पण मॉडेल त्याचा उलटा अर्थ लावेल हे डोक्यात आलं नव्हतं. एमसीपीच करतो.

एक अडचण उरते. शेठ दिवसभर मार्केटमध्ये फिरतात, त्यांना हे मोबाईलवर हवंय. एसटीडीआयओ तर त्या एकाच पीसीपुरतं. आणि इंटरनेटवर टॅलीचे तयार एमसीपी सर्व्हर दिसतात, त्यातला एखादा उचलला तर?

नेरूळ_नेटवर्क

मोबाईलसाठी सर्व्हर दूरवरून पोचण्यासारखा करावा लागतो. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून त्यासाठी स्ट्रीमेबल एचटीटीपी (इंटरनेटवरून बोलायची पद्धत) आहे आणि ओळख पटवायला ओऑथ २.१ (लॉगिन-परवानगीची पद्धत) ची चौकट. ते नीट उभं करणं हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे सांगा. आणि केलंत तरी टॅलीला थेट जोडू नका. दर तासाला लागतील तेवढीच खाती आणि बिलं एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (एका फाइलच्या छोट्या डेटाबेसमध्ये) काढा, सर्व्हरला फक्त ती फाइल दाखवा. मग कोणी आत घुसलाच तरी व्हाउचरला हात लावू शकत नाही. फोन नंबर, पॅन, बँक खातं त्या फाइलमध्ये येऊच देऊ नका. हे आकडे मॉडेल चालवणाऱ्या कंपनीकडे जाणार आहेत, हे शेठना आधी समजावून सांगा आणि त्यांचा होकार लेखी घ्या.

तयार सर्व्हरबद्दल: प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांच्या कोठारावर) पोस्टमार्क-एमसीपी नावाचं एक पॅकेज सापडलं. मेल पाठवायचं टूल, पोस्टमार्क कंपनीशी संबंध नाही. आधीच्या आवृत्त्या सरळ चालत होत्या, १.०.१६ मध्ये एक ओळ वाढली आणि प्रत्येक मेलची बीसीसी (गुपचूप प्रत) बाहेरच्या पत्त्यावर जायला लागली. जे वापराल त्याची आवृत्ती पक्की करून ठेवा, आपोआप अपडेट नको.

आणखी एक. व्हाउचरच्या नॅरेशनमधला (नोंदीखालच्या शेऱ्यातला) मजकूरही मॉडेल वाचतं. पार्टीच्या ईमेलमधून कॉपी केलेली सूचना त्यात असली, तर मॉडेल ती आज्ञा समजू शकतं. फक्त वाचणारी टूल्स ठेवलीत तर नुकसान मर्यादित राहतं. एमसीपीत 'रीड ओन्ली हिंट' असा शेरा देता येतो, पण तो नावाप्रमाणे शेराच आहे, कुलूप नाही. लिहिण्याचा कोडच ठेवू नका.

ऐरोली_बॅकएंड

नेरूळच्या दादांशी पूर्ण सहमत. दादा, सुरुवात गाळ्यातल्या पीसीवरच करा आणि पहिले वापरणारे शेठ नाही, मेहताजी असू देत. एमसीपी इन्स्पेक्टर म्हणून एक साधन आहे, त्यात मॉडेलशिवाय एकेक टूल हाताने चालवून बघता येतं. तिथे आलेली बाकी आणि टॅलीचा बिल्स रिसीव्हेबल (येणं असलेल्या बिलांचा) रिपोर्ट मेहताजींसमोर शेजारी शेजारी ठेवा, आणि मुद्दाम अवघड पार्ट्या निवडा: आगाऊ रक्कम दिलेली, माल परत केलेली, एकाच नावाची दोन खाती असलेली. मेहताजींना विश्वासात घेतलंत तर 'ऑन अकाउंट' जमा तेच हळूहळू बिलांना लावून देतील. काकांकडे तसंच झालं.

बिलनिहाय तपशील बंद असलेल्या खात्यांचं मात्र आधी बघून घ्या. तिथे जुनं-नवं सांगताच येत नाही, फक्त एकूण बाकी कळते. त्या पार्ट्यांसाठी टूलने 'थकबाकीचं वय काढता येत नाही' असंच उत्तर द्यावं.