युद्ध-दहशतवादाचं मानसशास्त्र: परदेशी अभ्यासदौरा हवा की मुंबई पुरे?

गिरगावकर:
एम.ए.ला मिलग्रॅमचा प्रयोग शिकवतात: प्रयोगकर्त्याने सांगितलं म्हणून ४० पैकी २६ जणांनी, समोरच्या माणसाला विजेचे झटके बसतायत असं समजूनही, ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली. मुलं आकडा पाठ करतात आणि 'आपण नसतं दाबलं' असं धरून चालतात. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला ही समजूत टिकत नाही. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल रोड यांच्यामधली १९६९ची भिंत १९९८च्या शांतता करारानंतरही उभी आहे. भिंतीच्या या बाजूचा हुतात्मा त्या बाजूला खुनी ठरतो. असा दौरा सक्तीचा हवा.

सानिका_दादर:
सक्ती म्हणजे ज्यांची ऐपत नाही ती मुलं बाद. आपल्याकडे काय कमी आहे? ९२-९३च्या दंगली, १२ मार्च १९९३ला २५७ मृत्यू, २००६ला लोकलमध्ये सात स्फोट, २६/११ला १६६ बळी. शेजारी 'ते लोक' कसे होतात, अफवेला पाय कसे फुटतात, हे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात वाचा. लोकलच्या पासात सगळ्या जागा बघून होतात.

गिरगावकर:
अडचण तिथेच आहे. तो अहवाल काढला की मुलं घरी ऐकलेलं बोलू लागतात. बेलफास्टच्या भांडणात त्यांची बाजूच नसते, म्हणून गट कसा बांधला जातो ते नीट दिसतं. आधी परकं बघावं, मग मुंबई.

समुपदेशक_ठाणे:
दौरे फसतात ते आखणीत. आज पोलंडमधल्या ऑशविट्झ आणि बिर्केनाऊ या नाझी छळछावण्या, उद्या लगेच पुढचं स्मारक, असं केलं की मुलं बधिर होतात आणि शिक्षकांना ती कंटाळल्यासारखी वाटतात. दिवसाला एकच जागा, नंतर तासभर एकट्याने लिहिणं. रात्री गोलात बसवून बोलायची सक्ती नको: एका बैठकीत सगळं बोलून घेण्याने (डीब्रीफिंग) पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, टळत नाही, काही चाचण्यांत त्रास उलट वाढला. घरातलं कुणी स्फोटात गेलं असेल तर ते निघण्याआधी खासगीत विचारा आणि गुण न कापता माघार घेऊ द्या. व्हिसाही बघा. पोलंडला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा (३०,००० युरोंचा विमा लागतो), बेलफास्टला ब्रिटनचा. डब्लिनहून बसने जाताना सीमेवर नाका दिसत नाही, म्हणून व्हिसा नको असं नाही.

सानिका_दादर:
आखणी पटली, सक्ती नाही. बेलफास्टच्या दौऱ्यात भेटणारे, त्या संघर्षात तुरुंगात गेलेले माजी कैदी गटागटाला तेच सांगून घोटलेलं बोलतात. त्यापेक्षा हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणातले जबाब वाचा, नेटवर फुकट आहेत. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या १९९५च्या हत्याकांडातला सैनिक एर्देमोविच कबूल करतो की त्याने गोळ्या घातल्या, आणि नकार दिला तेव्हा 'मग तूही त्यांच्या रांगेत उभा राहा' असं त्याला सांगण्यात आलं. तरीही १९९८ला त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. धमकी असताना दोष किती धरायचा, यावर न्यायाधीशांतही मतभेद होते. एवढ्या एका खटल्यावर दोन आठवड्यांचे तास सहज जातील.