लोक रक्त नक्की कशासाठी देतात? देशोदेशी कारणं वेगळी असतात का?

मुक्ता_लिहिते
आमच्या टीममध्ये चार देशांतले लोक आहेत आणि रक्तदान कॅम्पचा मेल आला की प्रत्येकाचं वेगळंच सुरू होतं. जर्मन सहकारी म्हणतो आमच्याकडे काही ठिकाणी पैसे मिळतात, इटलीवाली म्हणते आम्हाला त्या दिवशी भरपगारी सुट्टी असते, चिनी मैत्रीण म्हणते घरच्यांसाठी लागलं तर देईन पण असं उगाच कशाला. मला वाटायचं माणुसकी म्हणून देतात, विषय संपला. हा खरंच संस्कृतीचा फरक आहे का?

निळूभाऊ
संस्कृती वगैरे आहे पण लोक समजतात तितकी ती घट्ट नसते. जपानचंच बघा. साठच्या दशकात तिथे रक्त सर्रास विकलं जायचं, गरीब माणसं इतक्या वेळा द्यायची की त्या पातळ रक्ताला 'पिवळं रक्त' म्हणायचे. मार्च १९६४ मध्ये टोकियोत अमेरिकन राजदूत एडविन रायशावर यांच्यावर चाकूहल्ला झाला, जीव वाचला पण चढवलेल्या रक्तातून कावीळ झाली. मोठी नाचक्की. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने ठरवलं की ऐच्छिक रक्तदानच वाढवायचं, आणि साधारण दहा वर्षांत रुग्णाला चढवायचं रक्त पूर्णपणे दानातून यायला लागलं. आता तिथल्या केंद्रांत कॉमिक्स वाचत ज्यूस पीत बसतात लोक. माणसं तीच, संस्कृती तीच, मागायची पद्धत बदलली.

तिरकस
म्हणजे पैसे बंद केले की लोक चांगले होतात? जरा भाबडं वाटतंय.

अनघा_क
भाबडं नाहीये, पण सरसकटही नाहीये. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये मांडलं होतं की पैसे दिले तर रक्ताचा दर्जा तर घसरतोच (पैशांची गरज असलेला माणूस आजार लपवतो) पण आपणहून देणारेही मागे सरतात. यावर स्वीडनमध्ये प्रयोग झाला, २००८ साली छापून आला. लोकांना विचारलं की रक्तदाता व्हायला आरोग्य तपासणी करून घेणार का, काहींना वर ५० क्रोनर देऊ केले. बायकांमध्ये तयार होणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं! पुरुषांत विशेष फरक नाही. आणि तेच पैसे हवं तर कॅन्सरग्रस्त मुलांच्या संस्थेला द्या म्हटल्यावर बायका परत पहिल्याइतक्याच तयार. पैसे घेतले असं दिसणं नको होतं बहुतेक. पण सुट्टी किंवा छोटी भेटवस्तू दिल्यावर रक्तदान वाढल्याचेही अभ्यास आहेत, त्यामुळे इटलीवालीला हसू नका.

सलीम_भाई
धर्माचं कोणीच बोललं नाही अजून. शिया लोकांमध्ये आशुराला, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, इमाम हुसेन यांच्या शोकात स्वतःला जखमा करून रक्त काढायची जुनी प्रथा आहे, बऱ्याच धर्मगुरूंनी तिला विरोध केला आणि आता खूप ठिकाणी लोक त्याच दिवशी रक्तपेढीसमोर रांग लावतात. इराणमध्ये तर मोहरमचं रक्तदान मोठं असतं. भावना तीच, रक्त वाहायचंच आहे तर ते कोणाच्या तरी अंगात जाऊ दे. मला हे फार आवडतं.

तिरकस
बरं हे पटलं. पण चिनी मैत्रिणीचं काय, ती स्वार्थी का?

अनघा_क
छे. तिकडे शरीर आईवडिलांनी दिलेलं, त्याची हानी करू नये असा जुना संस्कार आहे, रक्त गेलं की ताकद गेली ही समजूतही आहे. त्यात नव्वदच्या दशकात हेनान प्रांतात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) विकणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरला, ते विसरणार कसं कोणी. १९९८ च्या कायद्यात तर रक्त देणाऱ्याच्या घरच्यांना पुढे रक्ताच्या खर्चात सवलत आहे, म्हणजे सरकारनेही घरच्यांचाच धागा पकडला. आणि आपण कुठे वेगळे? भारतात विकतचं रक्त १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे पण बदली रक्तदाता आणा म्हणणं अजून संपलेलं नाही. नातेवाईक देतो तेव्हा ते कितपत दान आणि कितपत नाइलाज, कोण जाणे.

निळूभाऊ
माझ्या मते लोकांना कळायला हवं की आपलं रक्त पोचलं. स्टॉकहोममध्ये तुमचं रक्त रुग्णाला दिलं की तुम्हाला एसेमेस येतो. सर्टिफिकेट आणि बिस्किटपुड्यापेक्षा हे कितीतरी भारी.

मुक्ता_लिहिते
एसेमेसची आयडिया कॅम्पवाल्यांना सांगते लगेच! त्यात प्लेटलेट्स दिल्या तर मेसेज लवकर येईल ना, त्या फार टिकत नाहीत असं ऐकलंय.

अनघा_क
हो, साधारण पाचच दिवस, लाल पेशी महिनाभराहून जास्त टिकतात. पण प्लेटलेट्ससाठी मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं आणि ते मशीन कॅम्पला बहुधा आणत नाहीत, रक्तपेढीतच जावं लागेल. आधी फोन करून जा.